खंडेनवमीला थांबवलेली पेटी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, सख्ख्या भावाला नाही. जेजुरीला दर्शनाला उभा राहिलो तेव्हासुद्धा देवापुढं पोरीच्या लग्नाचं बोललो, हे नाही बोललो. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही आमच्या दूध संघातले नाही आणि बबनमामांना ओळखत नाही. आणि दुसरं म्हणजे — माझं अगदी बरं चाललंय. झोप लागते, जेवण जातं. एवढं करूनही माणसाचं बरं चालू शकतं, हे कुणाला तरी सांगावंसं वाटत होतं.

तळेगाव ढमढेऱ्यात माझं घर आहे. मागं पाऊण एकर, त्यात गवार आणि वांगी. सकाळी पाणी धरायचं, डबा घ्यायचा आणि दुचाकीवर संघात जायचं. संघाचा कॉम्प्युटर विभाग म्हणजे मी आणि दोन ऑपरेटर ताई. निमोण्यापासून पार राहूपर्यंत गावोगाव आमची संकलन केंद्रं आहेत. कुणाचं किती लिटर दूध आलं, फॅट किती लागली, सगळं आमच्या सर्व्हरवर येतं. सर्व्हर बंद म्हणजे केंद्रावर रांग, आणि रांगेतल्या आज्ज्यांच्या शिव्या थेट मला. गंमत नाही करत, फोन करून देतात!

आता बबनमामा. मामा निमोण्याचे, संघाचे वायरमन. जनरेटर त्यांच्या ताब्यात. लाईट गेली की मामा हातानं चेंजओव्हरचा दांडा ओढून सगळी बिल्डिंग जनरेटरवर घ्यायचे, लाईट आली की परत. मामांच्या हाताला गुण होता. हे मी नाही, आख्खा तालुका म्हणायचा. रुसलेली मोटार असो की पंप, मामा नुसता तळवा ठेवायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "बेरिंग गेलंय." उघडून बघावं तर बेरिंगच गेलेलं. सुट्टीच्या दिवशी त्यांच्या दारात मोटारी घेऊन आलेली माणसं बसलेली असायची.

आणि तिसरी ती जुनी पेटी. आमच्या मशीनच्या खोलीत वर दोन सर्व्हर होते आणि खाली डिस्कची एक पेटी. सगळ्या नोंदी त्या पेटीत. वरच्या दोघांतला एक मेला तरी निभावलं असतं, खालची मेली की खेळ खल्लास. नऊ वर्षं तिच्यातल्या डिस्क एकसारख्या फिरत होत्या. कंपनीचा मेकॅनिक शेवटचा आला तेव्हा मला म्हणाला होता, "साहेब, हिला आता बंद करू नका. फिरतीये तोवर फिरतीये. एकदा थंड झाली की उठंल असं मी सांगत न्हाई." तो हे बोलला तेव्हा खोलीत आम्ही दोघंच होतो.

दोन वर्षं मी संचालकांच्या मागं लागलो होतो. नवी यंत्रणा घ्या, नाहीतर एक दिवस गोत्यात येऊ. आमचे चेअरमन आप्पा देवमाणूस, पण प्रत्येक मीटिंगला एकच वाक्य — "अहो, चाललंय की! चालत्या गाडीला खीळ कशाला घालता?" पुढचा विषय.

अभ्यास मी मनापासून केला होता, हे मात्र खरं. तीन वाटा होत्या. पहिली म्हणजे जुन्यासारखंच नवं घ्यायचं, वर सर्व्हर, खाली पेटी. म्हणजे पुन्हा एका पेटीवर सगळ्यांचा जीव. दुसरी, सगळं क्लाउडवर टाकायचं, दुसऱ्याच्या मशीनवर. पण आमच्याकडं रस्त्याच्या कडेला जेसीबी लागला की केबल तुटते आणि नेट दोन-दोन दिवस गायब. म्हशी तोवर थांबणार आहेत का? तिसरी वाट हायपरकन्व्हर्ज्ड. हे नाव ऐकून एका संचालकांनी विचारलं, "हायपर म्हंजी? त्याला बी बीपीची गोळी द्यावी लागती का?" सगळे हसले. मी म्हणालो, आबा, असं समजा — आत्ता दोन भाऊ राबतात आणि धान्य एकाच कणगीत. नव्या पद्धतीत तिघं भाऊ राबणार आणि तिघांच्याही घरात कणगी. प्रत्येक नोंद दोन घरांत ठेवायची. एक भाऊ आजारी पडला तर बाकीचे दोघं त्याचं काम ओढतात, आणि धान्यही कुठं जात नाही.

लहान संस्थेला असे तीन भाऊ, म्हणजे तीन पेट्या, जास्तच, असंही कुणी म्हणेल. दोन पेट्या आणि एक साक्षीदार अशीही मांडणी असते. दोघींचा एकमेकींशी संपर्क तुटला तर कामाचा ताबा कुणाकडं ठेवायचा हे ठरवायला तिसरीकडं एक छोटं मशीन ठेवतात, त्याला साक्षीदार म्हणतात. पण मी तीनच मागितल्या. कारण मशीनचं कळणारा मी एकटा. मी रजेवर असताना एक बसली तरी दोन शाबूत राहाव्यात. ती निवड बरोबर होती. आजही विचारलंत तर तीच करीन.

मग खोट कुठाय? — येतो, तिकडंच येतो. तिथं यायलाच जड जातंय.

आमच्याकडं खंडेनवमीला यंत्रांची पूजा असते. त्या दिवशी यंत्राला विश्रांती द्यायची. संघातलं झाडून सगळं बंद करतात — वजनकाटा, पॅकिंग, अगदी झेरॉक्ससुद्धा. धुऊनपुसून हळदीकुंकू, झेंडूचा हार, नारळ. फक्त दूध थंड ठेवणारं मशीन आणि आमचा सर्व्हर, हे दोन सोडून. या दोघांना चालू असतानाच हार घालायचा, अशी पहिल्यापासूनची रीत.

त्या वर्षी मी आप्पांकडं गेलो आणि म्हणालो, "आप्पा, सगळ्यांना विश्रांती आणि सर्व्हरलाच का नको? वर्षभर एवढा राबतो बिचारा. सकाळचं संकलन झालं की तासभर बंद ठेवू, पूजा करू." आप्पांना एवढं बरं वाटलं! म्हणाले, कॉम्प्युटरवाला असून देवाधर्माचं बघतो, हे खरे संस्कार.

मामा दारात उभे होते, हातात झेंडूची पाटी. ते म्हणाले, "साहेब, रागावू नका. पर जुन्या चालत्या मोटरीला थांबवू नी. एकदा बसली तर उठत न्हाई ती."

मी म्हणालो, "मामा, ही मोटार न्हाई."

बघा — मामांना कळलं होतं. कुणी न सांगता, नुसत्या हातावरनं कळलं होतं. आणि मला तर मेकॅनिकनं सांगितलेलंच होतं. मग मी का बंद केली? मला वाटलं होतं का, की उठेल? देवाशप्पथ सांगतो, मला तसं वाटत नव्हतं. आदल्या दिवशी मी सगळ्या नोंदींचा बॅकअप घेतला आणि तो तपासूनही पाहिला. सकाळचं संकलन झाल्यावर पुन्हा एकदा घेतला. एरवी मी आठवड्यातून एकदा घेणारा माणूस. जो पेटी उठेल असं धरून चालतो, तो असं करत नाही.

पूजा झाली. तासाभरानं मी बटण दाबलं. वरचे दोन्ही सर्व्हर घरघरले. खालच्या पेटीत दर डिस्कला एक दिवा, त्यातले दहा हिरवे झाले आणि दोन लाल. एक डिस्क गेली असती तर पेटीनं सोसलं असतं. दोन तिला सोसणाऱ्या नव्हत्या. मी पुन्हा दाबलं, तेच. घाबरलो, हे कबूल करतो. पण त्याच्या खाली कुठंतरी — सुटलो बाबा एकदाचा, असंही वाटलं.

नेमका तेव्हाच मागच्या शेडमध्ये मामांचा जनरेटर धडधडला. पूजेनंतर तो एकदा चालवून दाखवायचा, ही मामांची दरवर्षीची पद्धत. दारातून कुणीतरी म्हणालं, "मामांनी जनरेटर लावला आन् ह्ये गेलं का काय?"

मी नाही म्हणालो नाही. एवढंच होतं सुरुवातीला, नुसतं न बोलणं. पण न बोलण्यावर भागतंय होय? दुपारी आप्पांनी लेखी मागितलं. मी लिहून दिलं — विजेचा धक्का बसून जुनी पेटी निकामी झाली. आमच्या यूपीएसमध्ये विजेची मिनिटामिनिटाची नोंद राहते. ती मी उघडून पाहिली. सकाळपासून वीज एकसारखी होती. जनरेटरची लाईन बिल्डिंगवर आलीच नव्हती, मामांनी दांड्याला हातसुद्धा लावला नव्हता. ती नोंद मी पुसून टाकली.

मामा संध्याकाळी माझ्या टेबलापाशी आले. म्हणाले, "साहेब, म्या दांडा वढलाच न्हवता. मग धक्का कसा गेला?"

आणि मी म्हणालो — हे आठवलं की अजून कानशिलं तापतात — "मामा, दांडा न ओढता पण जातो. अर्थिंगमधनं गेला."

मामांनी आपल्या तळव्यांकडं बघितलं. म्हणाले, "अर्थिंग म्याच केल्यालं हाय." मग माझी माफी मागितली. हात जोडून. वयानं माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठा माणूस. आणि एकदाही म्हणाले नाहीत, की मी सांगत होतो, थांबवू नका. साहेब शिकलेला आहे, तो म्हणतो म्हणजे अर्थिंगमधनंच गेला असणार — त्यांनी माझा शब्द त्यांच्या हाताच्या वर ठेवला.

पुढचं भराभर झालं. चार दिवस केंद्रांवर कागदावर लिहिलं, मग भाड्याचा सर्व्हर आणून त्यावर बॅकअप चढवला. एकही नोंद गेली नाही. मीटिंगमध्ये आप्पांनी माझ्या दूरदृष्टीची तारीफ केली, माणूस असावा तर असा, शाल-नारळ दिला. मामा मागच्या भिंतीला टेकून उभे होते. तेही टाळ्या वाजवत होते. त्याच मीटिंगला तीन पेट्या मंजूर झाल्या, आणि सोबत लाईट गेल्यावर आपोआप जनरेटरवर नेणारं पॅनलही. दांडा गेला तसं मामांचं कामही गेलं. रिटायर होईपर्यंत दीड वर्षं ते गेटवर बसून टँकरचे नंबर लिहीत होते.

नवी यंत्रणा मात्र एक नंबर निघाली. मध्यंतरी एक पेटी अचानक बसली, तर गावात कुणाला पत्ताही लागला नाही. दूध आलं, फॅट लागली, पावत्या निघाल्या. शेजारच्या संघांची माणसं बघायला येतात, मी त्यांना चहा पाजतो आणि भावांची आणि कणगीची गोष्ट सांगतो. फार सुखाचं काम आहे माझं. गेल्या वर्षी पोरीचं लग्नही झालं. मामा आले होते, आहेर करून गेले.

आमच्या एक ऑपरेटर ताई निमोण्याच्याच. त्यांनी सहज बोलता बोलता सांगितलं, की मामांनी आता मोटारी बघायचं सोडलंय. दारात कुणी मोटार आणली की म्हणतात, हाताचा गुण गेला बाबा, दुसरीकडं न्या. ताई सांगत होत्या आणि मी मान हलवत होतो. त्या दिवशी डबा मी नेहमीसारखाच खाल्ला.

दर खंडेनवमीला आम्ही मामांना बोलावतो. तो मान आप्पांनी ठेवलाय. आता तीन पेट्यांतली एक मी सगळ्यांसमोर बंद करतो, तिची पूजा करतो आणि स्क्रीन दाखवतो — बघा, काम चालूच! लोकांना भारी मजा वाटते. मामा चपला काढून उंबऱ्यापाशी उभे राहतात, आत पाऊल टाकत नाहीत. हात पाठीमागं बांधलेले असतात. चुकून कशाला लागू नयेत म्हणून.

गेल्या खंडेनवमीला मी म्हणालो, "मामा, आत या की."

मामा म्हणाले, "नगं साहेब. हितनं दिसतंय की समदं." मग बराच वेळ त्या हिरव्या दिव्यांकडं बघत राहिले. हसले. म्हणाले, "एक बरं झालं बगा. माज्या हातनं ती जुनी मोडली, म्हून तर ह्ये आलं. न्हाईतर आप्पांनी कवा घेतलं असतं? तेवढंच मनाला वाटतं, की काय तरी चांगलं झालं आपल्या हातनं."

खोलीत आप्पा होते, दोन्ही ताई होत्या. सगळे हसले, मीही हसलो. आणि प्रसाद द्यायला उंबऱ्याकडं गेलो. मामांनी पाठीमागचा हात पुढं केला. मी त्यावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला. चांगला भरदार, कामाचा हात होता.

ती पेटी मी बंद केली होती.