हवाबंद खोली

माझं अक्षर वाकडं आहे, ऱ्हस्व-दीर्घही चुकतं. चौथीपर्यंतच शिकले. कुणी वाचलंच तर समजून घ्यावं.

करमाडकडं औषधांचं थंड गोदाम बांधलं जात होतं. तिथं मी साफसफाईला होते. गार हवा बाहेर गळून वीज वाया जाते का, हे तपासायला एक साहेब यायचे. दाराच्या चौकटीत कापड ताणून त्यात मोठा पंखा बसवायचे. पंखा आतली हवा बाहेर ओढायचा आणि मी पेटती उदबत्ती घेऊन भिंतीच्या कडेकडेनं चालायची. धूर हलला की तिथं फट. मग तिथं रुपेरी चिकटपट्टी लावायची. बोलावं लागत नसे, म्हणून मला ते काम बरं वाटायचं.

उरलेली पट्टी साहेबांनी मला घरी न्यायला दिली. त्या थंडीत लेक पहिल्या बाळंतपणाला आली होती, नातू झाला होता आणि आमच्या पत्र्याच्या खोलीत वारं शिरत होतं.

"बाळंतिणीला वारं लागू द्यायचं नाय," म्हणत आमचे हे स्टुलावर चढले. एकेक फट बुजवली.

लेक खाटेवरून बापाकडं बघून हसली. "आता उदबत्ती लावून तपासा की, साहेब!"

"व्हय, खोली पास!"

खाटेखाली शेकायला निखाऱ्यांची शेगडी होती. माझ्या वेळीही आईनं ठेवली होती. पण त्या घराच्या कुडातून उजेड दिसायचा.

दुसऱ्या दिवशी कामावरून आले. लेक हाकेला ओ देईना. बाळाचे गाल लाल होते, मला वाटलं ऊब मिळाली. उचललं तर मान लटकली.

लेक शहरातल्या दवाखान्यात वाचली. बाळ गेलं. निखाऱ्यांचा वायू कोंडला, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. ह्यांनी घरी येऊन सगळी पट्टी नखांनी सोलून काढली. तेव्हापासून ते लेकीच्या समोर बसत नाहीत.

दवाखान्याचं बिल साहेबांनी भरलं होतं. "राहू द्या," म्हणाले. हे ऐकेनात. मला म्हणाले, "नातवाच्या बदल्यात पैसे ठिवून घ्यायचे का? लई झालं तरी फेडायचे."

म्हणून मी तेच काम करत राहिले. धूर सरळ वर गेला की साहेब खूश व्हायचे, आणि माझा जीव घाबरा व्हायचा. दर पगाराला थोडे थोडे देत गेले. काल उरलेले दिले. साहेबांनी मान खाली घालून घेतले. सगळे फिटले.