अंगाबाहेरची ग्रंथी

"छातीचं हाड कापावं लागणार," सर्जन स्क्रीनवर बोट ठेवून म्हणाले. "ग्रंथी खाली उतरलीय."

ठिपका ठळक होता. स्कॅन मीच काढलेला, त्यामुळे मला उगाच अभिमान वाटत होता.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मी सांगलीत गॅमा कॅमेऱ्यावर टेक्निशियन होतो. पेशंट जतकडच्या एक मावशी. हंडा उचलताना एक मनगट मोडलं, मग दुसरं. गळ्यात थायरॉइडच्या मागं मसुराएवढ्या चार पॅराथायरॉइड ग्रंथी असतात. त्यातली एक चेकाळली की हाडांतलं कॅल्शियम रक्तात ओढते. ती शोधायला शिरेतून थोडं किरणोत्सर्गी औषध देतात. लगेच एक फोटो, दोन तासांनी दुसरा. तोवर थायरॉइडमधलं औषध ओसरतं, आजारी ग्रंथीत टिकून राहतं. ती चमकते.

मावशींची छातीत चमकत होती. क्वचित असतेही तिथं. पण पहिल्या फोटोत छाती साफ होती, हे मला खटकलं. मी बाजूनं एक फोटो घेतला. ठिपका कातडीच्या बाहेर.

"ग्रंथी अंगाबाहेर?" सर्जन म्हणाले. "मशीन तपासा."

"मशीन ठीक आहे, सर."

मी मावशींना विचारलं, "झंपरात काही ठेवलंय का?"

"कायबी न्हाई."

दारात त्यांचा जावई उभा होता. तो म्हणाला, "आवं आत्या, सांगा की सायबांस्नी." मावशींनी पदर आणखी पुढं ओढला. मी जावयाला चहाला पिटाळलं.

तो जाताच झंपरातून फडक्याची ओली घडी निघाली.

"मिशरी लावली हुती. दोन तास जावईबापू शेजारी बसल्यालं. त्यांच्याफुडं थुकू कशी?"

हे औषध लाळेतही उतरतं. घडी कॅमेऱ्याखाली धरली, लख्ख चमकली. मला आधी हसू आलं, मग ध्यानात आलं. एका फडक्यापायी बाईची छाती उघडली असती.

"सायब," मावशी हळूच म्हणाल्या, "पायजे तर हाड कापा. पर ह्ये त्यांना सांगू नगा."

फडक्याविना पुन्हा स्कॅन केला. गळ्यात डावीकडं एक फिकट ठिपका होता, फडक्याच्या झगमगाटात आम्हाला दिसलाच नव्हता. गळ्यावर लहानसा छेद देऊन ती ग्रंथी काढली. कॅल्शियम उतरलं.

जावयाला मी सांगितलं, मशीन बिघडलं होतं. त्यानं ते तालुकाभर सांगितलं. पुढं वर्षभर तिकडचे पेशंट टेबलावर झोपण्याआधी विचारायचे, "मशीन दुरुस्त झालं का?"

स्कॅनआधी पेशंटला चूळ भरायला लावावी आणि जावयाला बाहेर बसवावं. यातलं पहिलं आमच्या पुस्तकात आहे.