जातो नाही, येतो म्हण

माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा गायक आहे. आयरिश आहे. कोणी विचारलं तर मी एवढंच सांगते आणि विषय बदलते, कारण पुढचा प्रश्न ठरलेला असतो: कुठलं गाणं? तुम्ही ऐकलेलं त्याचं एकही गाणं नाही. मी मात्र सगळी ऐकली आहेत, आमच्या नात्यागोत्यात इतकं दुसऱ्या कोणी सोसलेलं नाही.

आवाज वाईट नाही. वाईट असता तर वेळीच कोणीतरी थांबवलं असतं. सर्दी झालेल्या माणसाने खिडकीशी उभं राहून स्वतःशी पुटपुटावं तसा तो गातो, आणि या प्रकाराला इंडी म्हणतात. मला आधी वाटलं, इंडियनमधलं इंडी. बहीण हसली. मोठ्या कंपनीच्या मागे न लागता स्वतःच्या हिमतीवर काढलेलं संगीत, असा अर्थ तिने सांगितला. म्हणजे मोठ्या कंपनीने न घेतलेलं.

लग्नाची बातमी वसईला फोनवर सांगितली तेव्हा मला वाटलं, आई आकांत करेल. तिने एकच विचारलं, "कॅथलिक आहे ना?" आहे म्हटल्यावर तिचं समाधान झालं. "मग आपल्यातलाच की." आपल्यातला हा माणूस लग्नानंतर एकदाही चर्चमध्ये मिस्साला गेला नाही, हे मी आईला अजून कळू दिलेलं नाही.

त्याची कारकीर्द सांगायला वेळ लागत नाही, तो सांगायला बसला तर मात्र जेवणं थंड होतात. पहिला बँड गावातल्या मित्रांचा. त्यांचं एक गाणं तिकडच्या रेडिओवर लागायचं, आणि तो अजून असं बोलतो की जणू आत्ताच रेडिओ बंद करून आलाय. तो बँड सोडला, कारण बाकीचे वाढत नव्हते. दुसरा लंडनला. तो सोडला, कारण बाकीचे फारच वाढले. तिसरा इथे सिडनीत. त्यातला ड्रमवाला दिवसा प्लंबिंगची कामं करायचा, पहाटे उठायचा, त्यामुळे रात्री लवकर घरी जायचा. ही म्हणे कलेशी बेइमानी. दर खेपेला नवा गडी, नवं राज्य. मग एकट्याचे अल्बम सुरू झाले. प्रत्येक अल्बममध्ये त्याला स्वतःचा शोध लागतो, आणि पुढच्या अल्बमपर्यंत तो पुन्हा हरवलेला असतो.

मला तेव्हाच धास्ती बसली होती. एकट्याने गायला लागल्यावर सोडून जायला त्याच्याकडे दुसरं कोणी उरलं नव्हतं, माझ्या बहिणीशिवाय.

ती नर्स आहे. स्कोफिल्ड्सला नव्या वस्तीत तिने घर घेतलं, तिथे सगळी घरं इतकी सारखी आहेत की मी एकदा शेजाऱ्याचंच दार वाजवलं होतं. मागची खोली त्याला गिटारी ठेवायला दिली. शिफ्ट करून आली की हा सोफ्यावर पडून छताकडे बघत असायचा, आणि ही आवाज न करता स्वयंपाक करायची. मी काही बोलले की म्हणायची, "त्याला स्पेस लागते गं, ताई." घरातली सगळी स्पेस तर त्यानेच व्यापली होती.

एका रविवारी दोघं केलीव्हिलला माझ्याकडे जेवायला आले. मी फुगे, म्हणजे आमच्या वसईकडचे ते गोल टम्म पाव, तळले होते, मटण केलं होतं. निघताना तो दारात उभा राहिला आणि मोबाइलवरून शिकलेलं मराठी त्याने मोठ्या ऐटीत म्हणून दाखवलं, "मी जाटो, टाय." ताई म्हणणं त्याला कधी जमलं नाही, माझा कायम गळ्यातला टाय केला त्याने.

बहिणीने चटकन त्याच्या तोंडावर हात ठेवला. "जातो नाही. येतो म्हण."

"व्हाय?"

"म्हण ना. येतो."

"येटो."

"परत म्हण."

त्याच्याकडून चांगलं घोटून घेतलं तिने. त्याच्या त्या 'व्हाय'चं उत्तर मात्र दिलं नाही. आमच्याकडे निघताना जातो म्हणणं अशुभ. माणूस परत यायचा असतो म्हणून येतो म्हणायचं, हे आम्हाला कोणी समजावून दिलेलं नाही, त्यामुळे दुसऱ्याला समजावून द्यावं लागतं हेही सुचत नाही.

पुढच्या अल्बमचं नाव त्याने तेच ठेवलं, येटो. शहरातल्या एका पबच्या मागच्या खोलीत शनिवारी दुपारी कार्यक्रम होता. बहिणीची ड्यूटी होती, म्हणून तिने मला पाठवलं, "तू तरी जा ना, ताई." खोलीतली निम्मी माणसं बिअरसाठी आलेली. याने डोळे मिटले आणि सांगितलं, हा माझ्या बायकोच्या भाषेतला शब्द आहे, कायमचा निरोप घेताना त्यांची माणसं हा म्हणतात. लोकांनी हळहळल्यासारखा आवाज काढला. मग तो "येटो, येटो" करत गात राहिला. एवढी वर्षं माझ्या बहिणीच्या हातचं खाऊन एक शब्द शिकला, तोही उलटा. मी लेमनेड संपवलं आणि ट्रेन धरली.

कार्यक्रम कसा झाला, असं बहिणीने विचारलं. मी म्हटलं, "नेहमीसारखा."

काही महिन्यांनी त्याच्या पहिल्या बँडला पुन्हा एकत्र यायचा उमाळा आला. आता सगळे वाढले होते, निदान पोटं तरी वाढली होती. तीन महिन्यांसाठी म्हणून तो आयर्लंडला निघाला. विमानतळावर मीच गाडी चालवत नेलं. त्याने बहिणीला मिठी मारली आणि म्हणाला, "येटो." तिचा चेहरा असा खुलला की मला बघवेना. मी पार्किंगची मशीन शोधायला गेले.

तीन महिने झाले. मग नवा अल्बम निघाला. मग त्याचा दौरा. फोन कमी झाले, नुसते मेसेज उरले, पुढे मेसेज जाऊन अंगठा आला. ती मागची खोली झाडून ठेवायची, तिथे कोणाला झोपू द्यायची नाही. मी विचारलं की उत्तर एकच, "येतो म्हणालाय ना." हसत म्हणायची. त्या हसण्याचा मला संताप यायचा, आणि त्याहून जास्त भीती वाटायची.

गेल्या रविवारी जेवताना तिने पुन्हा तेच म्हटलं, आणि मी हातातला घास ताटात टाकला.

"त्याला अर्थ माहीत नाही गं. तो गुडबाय म्हणालाय. स्टेजवरून सांगितलं त्याने, मी होते तिथे."

तिने ताटातला फुगा संपवला, ताट धुतलं, माझंही धुतलं. मग पर्स घेतली आणि दारात सँडल घालता घालता म्हणाली, "जाते."

माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं, "येते म्हण."

तिने सँडलचा पट्टा लावला, गाडीची किल्ली शोधली.

"त्यालाही मी असंच म्हणायला लावलं होतं, ताई," ती म्हणाली, आणि गाडीकडे गेली.