डेलियाचे लख्ख कंद

आमच्या काकांनी जन्मभर घड्याळं दुरुस्त केली. समोर येईल ते उघडायचं, पुसायचं, परत बसवायचं, एवढंच त्यांना येतं. बागेतलं ओ की ठो कळत नाही. बाग त्यांच्या बायकोची, म्हणजे माझ्या मावशीची. पण गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि मावशीने अंथरूणच धरलं. चालली नाही तर पाय कायमचा आखडेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. ती म्हणायची, उद्या. काकांनी विनवण्या केल्या, मीही चार शब्द सुनावले; पालथ्या घड्यावर पाणी.

तेवढ्यात हवेत गारवा आला आणि बागेतली कामं साचली. सुकलेली फुलं छाटायची, बी धरायचं, डेलियाचे कंद काढून वेगळे करायचे. मावशीने खाटेवरून हुकूम सोडले, काका टोपी घालून कामाला लागले.

संध्याकाळी ते ताटभर कंद घेऊन खोलीत आले. एकेक कंद घड्याळाच्या ब्रशने घासून लख्ख केलेला. मानेपाशी बारीक पुटकुळ्या होत्या, त्याही चिमट्याने काढल्या म्हणाले. चेहऱ्यावर शाबासकीची अपेक्षा. मावशीने कपाळाला हात लावला. त्या पुटकुळ्या म्हणजे डोळे. कोंब तिथूनच फुटतो.

"बाकीचे कुठे आहेत?"

"वाफ्यातच. उद्या काढतो."

"हात लावू नका," म्हणत ती उठली. भिंत धरत, मग काकांचा खांदा धरत थेट वाफ्यापाशी गेली. काकांचे डोळे भरून आले होते. मला त्या क्षणी दोघांबद्दल फार माया वाटली.

दुसऱ्या दिवशी मात्र बाई पुन्हा खाटेवर. दुपारी काकांनी खिडकीतून सांगितलं, शेवंतीजवळचं सगळं तण उपटून टाकलं. मावशी तडक बाहेर. तण जागच्या जागी होतं, शेवंतीचा एक फुटवा गेला होता. पुढच्या दिवशी गुलाबाची बरी फांदीच छाटली. जन्मात एक स्क्रू न हरवलेला माणूस रोज नेमका चुकतो कसा? मला संशय यायला लागला होता.

मग एका सकाळी काका खुरपं शोधत असताना मावशीने स्वतःच पायात चपला सरकवल्या.

"आज काय उपटायचं ठरवलंय ते आत्ताच सांगा," ती त्यांना म्हणाली. "मी बरोबरच येते. रोप तरी वाचेल."