प्रागमधली बैठक

बीड जिल्ह्यातल्या युसूफ वडगाव या गावी अर्जुनरावांच्या घराचं दार कुणी वाजवत नाही. माणसं सरळ आत येतात आणि चपला काढता काढताच चहाची वर्दी देतात. सरपंचपद जाऊन दोन निवडणुका झाल्या, पण ओसरीवरची बैठक काही उठली नाही. म्हणून त्या दिवशी सकाळी, चहाचं चौथं आधण चढलेलं असताना, मागचं दार वाजलं तेव्हा त्यांच्या बायकोला, छबुबाईंना वाटलं, नक्की कोर्टाचा माणूस समन्स घेऊन आला.

दारात लेक उभी. संस्कृती, पुण्याहून पहाटेच निघालेली.

"पुढून आले असते तर बाबांच्या पंचांनी तासभर अडवलं असतं," ती म्हणाली. "आई, आपला व्हिसा महिनाअखेर संपतोय. फेब्रुवारीत तिकडं काळं कुत्रं फिरकत नाही, म्हणून तिकिटं स्वस्त लागलीत. परवा निघायचं. प्रागला."

हा व्हिसा अर्जुनराव संचालक असलेल्या दूध संस्थेच्या सपत्नीक अभ्यास दौऱ्याचा. पासपोर्टांवर शिक्के बसले, लेकीनंही हौसेनं आपला व्हिसा काढून घेतला, आणि मग विमानात पुढं कोण बसणार यावरून संचालकांत अशी जुंपली की दौराच बारगळला.

छबुबाईंनी दोनच गोष्टी विचारल्या.

"किती दिस?"

"सात."

"आन् तितं आपल्या वळखीचं कोन हाय?"

"कुण्णी नाही."

"मग चल. पिशवी भरते मी."

लग्नाला छत्तीस वर्षं झाली, पण माणसांवाचून सलग चार दिवस त्यांना मिळाले नव्हते. माहेरी बाळंतपणाला गेल्या, तर तिथंही नवऱ्याची माणसं भेटायला आली आणि जेवून गेली.

निघाल्यावर वाटेत मांजरसुंब्याच्या ढाब्यावर हार-नारळ झालेच. पंडित नावाच्या कार्यकर्त्यानं फ्लेक्स लावला होता. त्यात अर्जुनराव प्रागच्या पुलाहून उंच, आणि छबुबाई खालच्या कोपऱ्यात, टपालाच्या तिकिटाएवढ्या.

प्रागमधले पहिले दोन दिवस मात्र स्वर्ग. भाड्याच्या फ्लॅटच्या खिडकीत बसून छबुबाई ट्राम बघायच्या. कुणी "वैनी" म्हणेना. नदीकाठी बाकड्यावर शेजारी एक म्हातारी तासभर बसली, एक शब्द बोलली नाही. "लई गुनाची बाई," छबुबाई लेकीला म्हणाल्या.

अर्जुनराव सुकत चालले. रामराम घालावा तर लोक मान फिरवत. लिफ्टमध्ये एकानं तर डोळेच मिटून घेतले. "मयत झाल्यावानी गाव हाय," ते कण्हले. तिसऱ्या दिवशी त्यांना राहवेना. मोबाईलवर स्टेटस टाकलं: गळ्यात मफलर, मागं किल्ला, खाली फ्लॅटचा पत्ता मजल्यासकट, आणि 'आपली माणसं असाल तर चहाला या'.

ते स्टेटस बीड जिल्ह्यातून फिरत फिरत प्रागला परत आलं. चौथ्या दिवशी केजचा एक इंजिनियर आला, बायको आणि मेहुण्याला घेऊन. पाठोपाठ अंबाजोगाईचे डॉक्टर नवरा-बायको. नांदेडचा एक जण तर अर्जुनरावांना ओळखतही नव्हता, त्यांच्या विरोधकाचा भाचा होता. पाचव्या दिवशी बुटांची रांग लिफ्टपर्यंत गेली. अर्जुनराव सोफ्यावर मांडी घालून केजातल्या कुणाच्या तरी बांधाचा तंटा मिटवू लागले. रंग कसा परत आला गड्याला!

छबुबाई गॅसपाशी. रागवावं तरी कुणावर? "काकू, चार वर्षांनी पिठलं खाल्लं," म्हणून डॉक्टरीणबाईंचे डोळे भरले होते.

सहाव्या दिवशी सकाळी संस्कृतीनंच तोंड उघडलं. "बाबा, आईला काय बघायचंय, विचारलंत का? उद्या निघायचंय आपल्याला."

"इचारतो की! आवं, बोला, काय पायजे?" अर्जुनराव एकदम उदार झाले. "किल्ला बगायचाय? मोत्याची माळ घ्यायची? फकस्त दुपारी धा जन येनार हायत, तेवडं उरकून जाऊ."

"धा जनांचं तुमी बगा. दूध खिडकीत हाय, साखर डब्यात." छबुबाईंनी नऊवारीवर लेकीचा जाड कोट चढवला, फ्लॅटचा पत्ता लिहिलेली चिठ्ठी कोटाच्या खिशात घातली.

"आन् तुमी कुटं निगाला?"

"फिरायला. एकली. दिस मावळला की येते."

"आवं पर, लोक इचारतील—"

"तेच सांगते. माळ नको, किल्ला नको. मी कुटं हाय, ते आज कुनाला सांगू नका."