कमलाकर डॉक्टरांची सम

कमलाकर डॉक्टर आणि वॉल्ट्झ यांची पहिली भेट झाली त्या संध्याकाळी लंडनजवळच्या पिनरमध्ये भूकंप झाला होता, असं सांगणारे लोक अजून आहेत. हॉस्पिटलमधल्या एका सर्जनची निरोपाची पार्टी होती. बँडने संथ वॉल्ट्झ धरला. डॉक्टर बायकोला घेऊन फ्लोअरवर उतरले, दोन फेऱ्या राजासारखे फिरले आणि भर गर्दीत खांब रोवल्यासारखे थांबले. मागचं जोडपं त्यांच्यावर आदळलं, त्या जोडप्यावर अख्खा ऑर्थोपेडिक विभाग आणि विभागावर ट्रायफल पुडिंगचं टेबल. सर्जनच्या सासूबाई कस्टर्डमधून वर आल्या तेव्हा डॉक्टर डोळे मिटून, तृप्तपणे मान डोलवत उभे होते.

"सम आली," ते म्हणाले.

माणूस नऊ वर्षं पुण्यात तबला शिकलेला. कुठेही एक-दोन-तीन ऐकू आलं की त्यांना दादरा दिसायचा, दादरा दिसला की पोटात तिहाई सुरू व्हायची, आणि तोच तुकडा तिसऱ्यांदा समेवर पडला की पाय आपोआप थांबायचे. समेवर पोचल्यावरही चालत राहणं त्यांना असभ्यपणाचं वाटे.

त्यांच्या बायकोला, सुचेताला, मात्र त्याच संध्याकाळी नाचाचं वेड लागलं. दर गुरुवारी चर्चच्या हॉलमध्ये मिसेस हॅलम यांचा क्लास असे. दोघं तिथे जाऊ लागली आणि दोन हजार पाच साली नाचाच्या ब्राँझ मेडलच्या परीक्षेला सुचेताचं नाव गेलं. घरात जिन्याच्या भिंतीवर अकरा सर्टिफिकिटं होती. अकराच्या अकरा डॉक्टरांची. अठ्ठावीस वर्षं ती त्यांच्यावरची धूळ पुसत आली होती.

"परीक्षा माझी आहे," तिने बजावलं. "तुम्ही नुसते जोडीदार. तुम्हाला मार्क नाहीत."

"आणि मी थांबलो तर?"

"तर मलाही थांबावं लागेल ना, अहो! मी काय एकटी गरगरू?"

डॉक्टर हादरले. हॉस्पिटलला जाता-येता गाडीत सीडी लावून त्यांनी शत्रूचा अभ्यास सुरू केला. वॉल्ट्झ एक नसतो, हे त्यांना कळलं. व्हिएन्नाचा सुसाट, त्यात दुसरी मात्रा जरा आधीच येऊन टपकते, लग्नाच्या पंगतीतल्या आगाऊ पाहुण्यासारखी. पॅरिसचा गल्लीतला, अकॉर्डियनवर लाडात येणारा. इंग्लिश वॉल्ट्झ पोस्टातल्या रांगेसारखा संथ आणि सभ्य. आणि एक चक्क 'हेझिटेशन' वॉल्ट्झ, त्यात पाऊल मुद्दाम रोखून धरतात! डॉक्टर तो घेऊन धावत क्लासला गेले.

"मॅडम, थांबायचाही वॉल्ट्झ आहे!"

"आहे. परीक्षेत नाही," मिसेस हॅलम म्हणाल्या. "डॉक्टर, ऑपरेशन करताना मध्येच थांबता का तुम्ही?"

"मी भूल देतो, मॅडम. मी बसलेलाच असतो."

परीक्षा रविवारी दुपारी होती. फ्लोअरवर चार जोड्या. टेबलामागे एक सडपातळ परीक्षक बाई, हातात पेन्सिल.

"काय वाट्टेल ते होऊ दे," सुचेता पुटपुटली, "चालत राहा."

सीडीवरचा पियानो सुरू झाला. तिहाई डोक्यात शिरू नये म्हणून डॉक्टर मनातल्या मनात औषधांचे डोस मोजू लागले. साठ किलोचा पेशंट, सत्तर किलोचा, ऐंशीचा. हॉलची पहिली भिंत पार झाली. कोपरा वळला. दुसरी भिंत. सुचेताच्या ओठांवर हसू येऊ लागलं होतं.

आणि व्हायोलिनने दगा दिला. एक तुकडा वाजवला आणि तोच पुन्हा वाजवला. आता तिसऱ्यांदा येणार! उजवा गुडघा ताठरला. सुचेताला ते कळलं. तिची नखं त्यांच्या दंडात रुतली. मागून ब्रॅकनेल गावाहून आलेलं एक तरुण जोडपं वेगाने येत होतं, हातभर अंतरावर. नव्वद किलो. शंभर किलो. अडीचशे किलोचा पेशंट डॉक्टरांनी जन्मात पाहिला नव्हता, तरी त्यालाही भूल दिली. तिसरा तुकडा सुरू झाला, वर चढला, समेकडे झेपावला...

आणि संगीत विरून गेलं.

परीक्षेत दीड मिनिटाने आवाज बारीक करत बंद करतात, हे डॉक्टरांना कुणी सांगितलं नव्हतं. बाकीच्या तिन्ही जोड्या थांबल्या. सम आलीच नव्हती, तर डॉक्टर थांबणार कसे? त्या भयाण शांततेत ते सुचेताला घेऊन फिरत राहिले. एक गिरकी, दुसरी गिरकी.

"अहो, बास! संपलं!"

परीक्षकांच्या टेबलापासून वीतभर अंतरावर दोघं थांबली. बाईंनी खाली बघून काहीतरी लिहिलं.

घरी जाताना गाडीत कुणी सीडी लावली नाही. सिग्नलला डॉक्टर म्हणाले, "माझ्यामुळे गेलं सगळं."



दहा दिवसांनी निकाल आला. सुचेता तीन मार्कांनी नापास झाली होती. शेऱ्यात लिहिलं होतं की टाच उशिरा टेकते आणि मान पुढे येते. शेवटच्या गिरक्यांबद्दल किंवा जोडीदाराबद्दल एक अक्षर नव्हतं. सुचेताने ती परीक्षा पुन्हा दिली नाही.