डाव्या बाजूच्या रेघा

गाडीला कोटिंग करायचं मी ठरवलं ते गाडीसाठी नाही, मुलीला उत्तर म्हणून. मुलगी नाशिकला असते. दर रविवारी फोन करते आणि दर रविवारी एकच सांगते, "पप्पा, आता गाडी विकून टाका." मी सत्तरीला आलो याचा दोष ती गाडीला देते. मी कुठेतरी वाचलं की कोटिंगची पाच वर्षांची गॅरंटी मिळते. म्हटलं, एकदा कोटिंग केलं की पाच वर्षं विषय बंद. गॅरंटी कागदावर असते, आणि माझी मुलगी कागदाला मानते. ती सरकारी नोकरीत आहे.

मीही सरकारीच होतो. पशुसंवर्धन खात्यात जन्म घालवला, निम्मा नवापूरकडे, निम्मा धडगावच्या डोंगरात. निवृत्त झाल्यावर ही पांढरी गाडी घेतली. तिचं मुख्य काम म्हणजे महिन्यातून दोनदा खापरला जाणं. खापरला बायकोची बहीण असते. दोघी बहिणी अंगणात बसून बोलतात आणि मी बाजेवर झोपतो. गुडघ्यांमुळे बायकोला एसटीची पायरी चढवत नाही. गाडी गेली की हे जाणं गेलं, आणि मग मी घरात बसून पंख्याकडे बघणारा म्हातारा. गाडी ठेवण्यासाठी मी काहीही करायला तयार होतो, खोटं बोलायलाही.

दुकान नंदुरबारच्या बायपासला आहे. पूर्वी तिथे पाइपांचं गोडाऊन होतं. दुकानदार तिशीचा, तापीकाठच्या गावचा, काम सुरतला शिकून आलेला. बायकोला प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवून मी म्हणालो, कोटिंग करायचंय. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली.

"नाना, पयले हाई सांगा, गाडी इकनी शे का ठेवनी शे?"

याचा इथे काय संबंध, असं मी विचारलं.

"इकनी व्हई ते डिटेलिंग करा. ठेवनी व्हई ते कोटिंग."

मग त्याने नीट समजावलं. डिटेलिंग म्हणजे गाडी आतून-बाहेरून धुऊन, मशीनने घासून, रेघा घालवून नव्यासारखी करायची. चमक काही महिने टिकते, तेवढ्यात गिऱ्हाईक मिळतं. कोटिंग म्हणजे रंगावर काचेसारखा पातळ थर. तो काही वर्षं राहतो. चिखल, पक्ष्यांची घाण, आपल्याकडचा मिरचीचा धुरळा, काही धरून राहत नाही. मला लगेच समजलं. बाजारात न्यायच्या बैलाची शिंगं तासून रंगवतात, अंगाला तेल चोळतात. घरच्या बैलाला ढेप घालतात.

"ठेवनी शे," मी म्हणालो. जरा मोठ्यानेच म्हणालो.

कोटिंगच्या आधी रेघा काढाव्या लागतात, नाहीतर त्या थराखाली तशाच राहतात. म्हणून त्याने हातात दिवा घेऊन पत्रा तपासायला सुरुवात केली. रेघ सापडली की तिच्यावर निळ्या चिकटपट्टीचा तुकडा लावायचा, अशी त्याची पद्धत. उजवी बाजू त्याने दोन मिनिटांत संपवली, तुकडा एकही लावला नाही. डाव्या बाजूला मात्र तो स्टूल घेऊन बसला.

पुढच्या दारावर पहिला तुकडा लागला. मी म्हणालो, उसाची ट्रॉली. ट्रॉलीवाल्यांना वाटतं रस्ता बापाचा आहे. मडगार्डवर दोन लागले. मी म्हणालो, फाटकाचा खांब, गवंड्याने तो नको तितका आत घेतलाय. खांबाला उभं राहून पंधरा वर्षं झाली होती, हे मी सांगितलं नाही. आरशाच्या खाली एक लांब पट्टी लागली. मी म्हणालो, बाभूळ. बाभूळ रस्त्यात कशी आली हे त्याने विचारलं नाही. आईबापांनी चांगलं वळण लावलेलं असणार.

खुर्चीवरून बायको म्हणाली, "नाचता येईना, आंगन वाकडं."

मी तिच्याकडे लक्ष दिलं नाही. मागच्या दाराचा कोपरा का खरवडला गेला, याचं कारण शोधण्यात मी गुंतलो होतो.

दुकानदार उठला. एकदा गाडीच्या त्या बाजूला जाऊन आला, पुन्हा या बाजूला उभा राहिला.

"नाना, बठ्ठ्या रेघा डावीकडेच शेतस. उजवीकडे एक बी नही."

त्याच्या मनात काहीही नव्हतं. मशीन कुठे किती वेळ फिरवावं लागेल, याचा तो हिशेब करत होता. पण मी जागच्या जागी थांबलो, कारण हेच वाक्य मी स्वतः एकदा एका शेतकऱ्याला ऐकवलं होतं.

धडगावकडची गोष्ट. पावरी बोलणारा एक शेतकरी बैल घेऊन आला. बैलाच्या डाव्या कुशीवर केस गेलेले, कातडी सोललेली. त्याला खरुज वाटत होती, मलम हवं होतं. आम्हा दोघांना एकमेकांची भाषा अर्धीच कळायची, बैलाची मात्र पूर्ण. मी उजवी कूस पाहिली. ती स्वच्छ होती. मी त्याला सांगितलं, सगळं डावीकडेच आहे, उजवीकडे काहीच नाही; मलम राहू दे, तुझ्या बैलाचा डावा डोळा गेलाय, त्या बाजूचा खुंट त्याला दिसत नाही, म्हणून तो घासतो. निदानाला दोन मिनिटं लागली असतील. त्या दिवशी मी स्वतःवर फार खूश होतो.

मी उजव्या डोळ्यावर हात ठेवला. समोरचा दिवा, दुकानदार, त्याच्या मागचा भिंतीवरचा फलक, सगळं ताकात बुडाल्यासारखं झालं. फलकावरचं एकही अक्षर लागेना. हात काढला तर सगळं ठीक. सोनारानेच कान टोचावेत म्हणतात. माझे गाडी पुसणाऱ्याने टोचले.

मग मला बायको आठवली. ती दहा फुटांवर बसलेली होती, पण मला ती गाडीतली आठवली. वर्षभर ती गाडीत सारखी बोलत होती. म्हैस शे. सायकलवाला शे. शाळान्या पोरी शेतस. मी चिडून म्हणायचो, मला डोळे आहेत. आता एकेक आठवून पाहिलं. म्हैस डावीकडून आली होती. सायकल डावीकडे होती. पोरीही डावीकडेच. उजवीकडचं तिने कधी काही सांगितलंच नव्हतं.

मी तिच्याजवळ जाऊन विचारलं, "तुले माहीत व्हतं?"

"हां."

"मंग सांगं का नही?"

तिने पदर सारखा केला. "मनमा उनं, सांगसू ते तुम्ही गाडी सोडी देशात. मंग खापरले माले कोन लई जाई?"

मला तिचा राग आला. मग गाडीकडे पाहिलं आणि राग गेला, त्याच्या जागी भीती बसली. ट्रॉली, खांब, बाभूळ यांच्या आणि तिच्या मध्ये दर वेळी फक्त एक पत्रा होता. आणि ती बहिणीला भेटायला मिळावं म्हणून त्या डावीकडच्या सीटवर पुन्हा पुन्हा बसत होती, मला म्हशी दाखवत होती. मला स्वतःची लाज वाटली.

मी दुकानदाराला म्हणालो, "कोटिंग राहू दे. डिटेलिंग कर."

"म्हणजे इकनी शे?"

"हां."

त्याने मान डोलावली आणि शटरकडे बोट दाखवलं. "मंग जराशी मझार लई ल्या, नाना."

गाडी शटरच्या आत, मशीनजवळ घ्यायची होती. आठ-दहा फुटांचं काम. मी खिशातून किल्ली काढली आणि त्याच्या हातावर ठेवली. "तूच लई ले."

तो माझ्या जागेवर बसला, सीट मागे सरकवली आणि गाडी सुरू केली. इतक्या वर्षांत ती चालताना मी बाहेरून कधी पाहिली नव्हती. चांगली चालत होती. कुठेही न घासता ती शटरमधून आत गेली.

बायको केव्हा उठली आणि माझ्या डाव्या बाजूला येऊन उभी राहिली, ते मला तिने हात धरल्यावर कळलं.